आधी नंबर कोणाचा?

कारखान्यात मशीन उभं दिसलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. मशीन चालो न चालो, बँकेचा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातोच. पण मी प्लॅनिंगला आहे, आणि माझं मत जरा उलटं आहे. उभ्या मशीनपेक्षा भलत्या वेळी भलता जॉब चालवणारं मशीन जास्त नुकसान करतं. फक्त ते कुणाला दिसत नाही. दिवा हिरवा असतो, पट्टा फिरत असतो, साहेब खूश असतात आणि ज्या गिऱ्हाइकाला आज माल हवा होता त्याचे बोर्ड कुठल्या तरी ट्रॉलीत अर्धवट पडलेले असतात.

आमचा कारखाना भोसरीत आहे. स्वतःच्या नावाचं आम्ही काहीच बनवत नाही. विजेचा मीटर, दुचाकीचा डिस्प्ले, यूपीएस, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, यांतलं काहीही उघडलं की आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर बारीक बारीक भाग बसवलेले असतात. ती पाटी म्हणजे पीसीबी, आमच्या भाषेत नुसता बोर्ड. तो आम्ही दुसऱ्यांसाठी भरून देतो. डिझाइन त्यांचं, सुटे भाग त्यांनी सांगितलेल्या कंपनीचे, मेहनत आमची. त्यामुळे एकाच लाइनवर आठवडाभरात निरनिराळ्या गिऱ्हाइकांचे जॉब येतात. कुणाचे पाच हजार बोर्ड, कुणाचे पन्नास. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी आधी याच लाइनवर ऑपरेटर म्हणून लागले, पुढे प्लॅनिंगला आले. कुठला जॉब कुठल्या मशीनवर, कधी आणि कोणाच्या मागून चढवायचा, हे ठरवायचं काम माझं.

लाइन म्हणजे काय ते आधी सांगते. सुरुवातीला प्रिंटर. पातळ स्टीलच्या पत्र्याला, म्हणजे स्टेन्सिलला, बोर्डाच्या नकाशाप्रमाणे भोकं पाडलेली असतात. त्यावरून राखाडी सोल्डर पेस्ट ओढली की जिथे भाग बसायचे तिथे तिथे पेस्टचे ठिपके उमटतात. मग पिक अँड प्लेस मशीन. याच्या दोन्ही बाजूंना फीडर लावलेले असतात, प्रत्येक फीडरवर एक रील आणि रीलच्या पट्टीत एकेक भाग. मशीनचं डोकं भाग उचलतं, कॅमेऱ्याला दाखवतं आणि बोर्डावर ठेवतं. भाग केवढे? नेहमीच्या वापरातला एक रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. असे तासाला वीस-तीस हजार भाग बसवणारं मशीन आज मध्यम वेगाचं समजतात. त्यापुढे ओव्हन, तिथे पेस्ट वितळून भाग पक्के होतात. मग कॅमेऱ्याची तपासणी, मग टेस्टिंग. काही बोर्डांना नंतर कोटिंग, काहींना बर्न-इन.

वेग मशीन विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, आणि पैसे मोजले की तो मिळतो. आमची खरी लढाई दोन जॉबच्या मधल्या वेळाशी असते. एक जॉब उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे स्टेन्सिल काढा, पुसा, दुसरा बसवा. मशीनचा प्रोग्रॅम बदला. बोर्डाच्या रुंदीप्रमाणे सगळ्या पट्ट्यांची रुंदी बदला. आधीच्या जॉबचे फीडर काढा, नव्याचे लावा, प्रत्येक रीलचा बारकोड मारा. चुकीच्या जागी चुकीची रील लागली तर मशीनला ते कळत नाही, ते निष्ठेने चुकीचा भाग बसवत राहतं. शेवटी ओव्हनचं तापमान बदला, ते स्थिर होईपर्यंत थांबा, एक बोर्ड काढा आणि क्वालिटीवाल्याकडून फर्स्ट पीस पास करून घ्या. हे सगळं होईस्तोवर आमच्याकडे पाऊण तास जातो. तोही सगळं जागेवर सापडलं तर.

पण प्रत्येक बदलाला पाऊण तास लागत नाही, आणि माझं पोट त्याच्यावरच चालतं. फीडरची ट्रॉली मिसळणाच्या डब्यासारखी असते. वाट्या मोजक्या, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाचं तेवढंच डब्यात राहतं आणि बाकीच्यासाठी फडताळ उघडावं लागतं. आमच्या दुचाकीच्या डिस्प्लेचे चार प्रकार आहेत. त्यांतले बहुतेक रेझिस्टर आणि कपॅसिटर सारखेच. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना चार-सहा फीडर बदलले की झालं, बाकी डबा तसाच. बारा मिनिटांत काम होतं. आता समजा, आठवड्यात आठ जॉब आले आणि ते ऑर्डर आल्या त्या क्रमाने, एक डिस्प्ले, एक मीटर, एक यूपीएस, परत डिस्प्ले, असे लावले. आठ वेळा पाऊण तास, म्हणजे ६ तास नुसत्या बदलाबदलीत गेले. तेच आठ जॉब तीन कुटुंबांत बांधून एकामागे एक लावले तर तीन मोठे बदल आणि पाच छोटे, सगळे मिळून सव्वातीन तास. मशीन तेच, माणसं तीच. पावणेतीन तास नुसत्या क्रमातून निघाले.

यात आणखी एक गंमत आहे. ‘अ’वरून ‘ब’वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ‘ब’वरून ‘अ’वर यायला लागेल असं नाही. त्याचं कारण ओव्हन. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं, आणि बोर्डाचं तापमान काही क्षण २४०च्या आसपास न्यावं लागतं. पातळ बोर्ड पटकन तापतो. यूपीएसचा जाडजूड तांब्याचा बोर्ड उष्णता पिऊन टाकतो, त्याच्यासाठी ओव्हन जास्त तापवावा लागतो. ओव्हन तापतो लवकर आणि निवतो रडत रडत. म्हणून मी दिवसाची सुरुवात पातळ बोर्डांनी करते आणि जाड बोर्डांकडे सरकत जाते. परत खाली यायचं असेल तर ते जेवणाच्या सुट्टीत. माणसं डबा खातात तेवढ्यात ओव्हन निवतो.

बदलाला लागणारा वेळच कमी करता येतो, हे जगाला पटवून दिलं ते जपानच्या शिगेओ शिंगो यांनी. १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात एका १००० टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. तो वेळ आधी दीड तासावर आला आणि नंतर तीन मिनिटांवर. युक्ती ऐकायला साधी आहे: मशीन थांबल्याशिवाय जी कामं होऊच शकत नाहीत तेवढीच मशीन थांबवून करायची, बाकी सगळी आधी करून ठेवायची. आमच्याकडे म्हणूनच जादा ट्रॉल्या असतात. लाइनवर मीटर चालू असताना बाजूला यूपीएसची ट्रॉली भरली जाते, बारकोड मारून तयार. पण पुढचा जॉब कुठला हे ट्रॉली भरणाऱ्या मुलीला दोन तास आधी ठाऊक असेल तरच या युक्तीचा उपयोग. मी ऐन वेळी प्लॅन फिरवला की तिची भरलेली ट्रॉली वाया जाते, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती मला कळते. मीही कधी काळी त्याच जागी उभी होते.

म्हणजे सारखे जॉब एकत्र बांधले की झालं? तसंही नाही. डिस्प्लेच्या चौथ्या प्रकाराची गरज पुढच्या आठवड्यात आहे. तो आजच सोबत काढला तर एक मोठा बदल वाचतो खरा, पण बोर्ड पडून राहतात, त्यांत पैसा अडकतो, आणि मध्येच गिऱ्हाइकाचा निरोप येतो की डिझाइन बदललंय, अमुक कपॅसिटर आता वेगळा बसवायचा. मग ते तयार बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर. वाचवलेला वेळ तिथे चौपट होऊन वसूल होतो.

क्रमाचा हा विचार गणितज्ञांनी फार पूर्वी केला आहे. १९५४ साली अमेरिकेत सेल्मर जॉन्सन यांनी एक नियम सिद्ध केला, तो कागदावर करून बघण्यासारखा आहे. समजा, चार जॉब आहेत आणि प्रत्येकाला आधी भाग बसवणारी लाइन, मग टेस्टिंग. डिस्प्लेला लाइनवर १ तास, टेस्टिंगला ६. यूपीएसला ४ आणि ५. मीटरला ५ आणि २. एलईडी ड्रायव्हरला ३ आणि १. कुणालाही विचारा, तो म्हणेल, लाइनवरचं मोठं काम आधी उरकून घ्या. तसं केलं, म्हणजे मीटर, यूपीएस, एलईडी, डिस्प्ले असा नंबर लावला, तर शेवटचा बोर्ड टेस्ट होऊन बाहेर पडायला २१ तास लागतात. पहिले पाच तास टेस्टिंगवाले हात बांधून बसतात आणि शेवटी डिस्प्लेचे सहा तास सगळ्यांना थांबवून ठेवतात. जॉन्सनचा नियम असा: सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या मशीनचा असेल तर तो जॉब सगळ्यांत पुढे, दुसऱ्या मशीनचा असेल तर सगळ्यांत मागे. तो जॉब बाजूला ठेवून उरलेल्यांना पुन्हा तेच. आपल्या उदाहरणात नंबर लागतो डिस्प्ले, यूपीएस, मीटर, एलईडी. वेळ १५ तास. याहून कमी होऊच शकत नाही, कारण टेस्टिंगचंच काम १४ तासांचं आहे आणि पहिला बोर्ड यायच्या आधी एक तास तिथे करायला काही नाही.

लाइन तर दोन्ही वेळा १३ तासच चालली. लाइनच्या वापराची टक्केवारी बघणाऱ्याला या दोन दिवसांत काही फरक दिसणार नाही. भिंतीवरच्या त्या टक्केवारीच्या फलकावर माझा राग आहे तो यासाठी.

जॉन्सननंतर दोनच वर्षांत, १९५६ साली, स्मिथ यांनी दाखवलं की एकच मशीन असेल आणि सरासरी ताटकळणं कमी करायचं असेल तर लहान काम आधी घ्यावं. तीन जॉब आहेत, ६, २ आणि १ तासाचे. मोठा आधी घेतला तर ते सहाव्या, आठव्या आणि नवव्या तासाला सुटतात. लहान आधी घेतला तर पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या. मशीन नऊच तास चाललं, पण दोन गिऱ्हाइकं दुपारच्या आत मोकळी झाली. मग सहा तासांच्या जॉबवाल्याचं काय? रोज नवे लहान जॉब येत राहिले तर त्याचा नंबर लागायचाच नाही. त्यासाठी जॅक्सन यांचा १९५५चा नियम: ज्याची तारीख आधी, तो आधी. यात सगळ्यांत जास्त उशीर होणाऱ्याचा उशीर शक्य तेवढा कमी राहतो. तिन्ही नियम आपापल्या जागी खरे आहेत, आणि तिघांनाही दोन जॉबच्या मधला पाऊण तास ठाऊक नाही. आमच्या लाइनवर रोज तिघांची भांडणं लागतात आणि न्याय करायला मी.

बर्न-इनचं कोडं त्याहून वेगळं. नवा बोर्ड किंवा चिप बिघडायचीच असेल तर बहुधा वापराच्या सुरुवातीलाच बिघडते, म्हणून काही गिऱ्हाइकं माल पाठवण्याआधी तो गरम कपाटात तासन्‌तास चालवून बघायला लावतात. कच्चं असेल ते तिथेच मरतं. कपाटात एका वेळी बरेच बोर्ड मावतात, पण एकदा दार लावलं की सगळ्यांत जास्त वेळ लागणाऱ्याचं होईपर्यंत ते उघडायचं नाही. ठरल्यापेक्षा जास्त वेळ आत राहिलं तर चालतं, कमी चालत नाही. समजा, कपाटात दोन जॉब मावतात आणि आलेत चार, २, ८, २ आणि ८ तासांचे. आले तसे भरले तर दोन्ही फेऱ्या आठ-आठ तासांच्या, एकूण १६. दोन तासवाले एकत्र आणि आठवाले एकत्र भरले तर १०. चिपच्या कारखान्यांतल्या अशाच कपाटांवर ली, उझसोय आणि मार्टिन-वेगा यांनी १९९२ साली एक निबंध लिहिला, आणि या प्रकारच्या गणितावर त्यानंतर पुष्कळ काम झालं. चारही जॉब समोर हजर असले की उत्तर सोपं आहे. खरी पंचाईत रात्री नऊला होते. कपाट अर्धं भरलंय, उरलेले बोर्ड टेस्टिंगहून यायला अजून दीड तास आहे. आत्ता दार लावायचं की थांबायचं? याचं उत्तर मी दर वेळी नव्याने काढते. सकाळची गाडी कुठल्या जॉबची आहे, ते आधी बघते.

आता ज्या गोष्टी कुठल्याच सोप्या सूत्रात नसतात त्या सांगते. आमच्याकडच्या मालाला घड्याळं बांधलेली असतात.

पहिलं घड्याळ पेस्टचं. सोल्डर पेस्टचे अर्ध्या किलोचे डबे फ्रिजमध्ये, १० अंशांच्या खाली ठेवतात. बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. गार डब्यावर हवेतली वाफ जमते, ती पेस्टमध्ये गेली की ओव्हनमध्ये तडतडते आणि सोल्डरचे बारीक मणी बोर्डभर उडतात. डबा आपला आपण खोलीच्या तापमानाला यायला साधारण चार तास लागतात. हीटरजवळ ठेवून घाई करायची सोय नाही. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. म्हणजे पहाटे तीनला, थर्ड शिफ्टमधल्या कुणी तरी, बरोबर पेस्टचे बरोबर तेवढे डबे बाहेर काढायला हवेत. माझ्या प्लॅनच्या कागदावर सगळ्यांत खाली एक ओळ असते, ‘पेस्ट: ३ वाजता, २ डबे’. वरच्या सगळ्या तक्त्यापेक्षा थर्ड शिफ्टचे लाइन लीडर दादा ती ओळ आधी वाचतात. पहाटे पाचला कुणाच्या डोक्यात आलं की शिशाच्या सोल्डरचा जॉब आधी घेऊ, तर त्याची पेस्ट अजून फ्रिजमध्ये गारठलेली असते.

दुसरं घड्याळ ओलाव्याचं. चिपच्या काळ्या प्लास्टिकमध्ये हवेतली आर्द्रता हळूहळू मुरते. अशी चिप २४० अंशांच्या ओव्हनमध्ये गेली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि चिप आतून तडकते. वरून काही दिसेलच असं नाही, सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे बिघाड येतो. म्हणून अशा चिप हवाबंद पिशवीत येतात आणि चिपला ओलावा किती बाधतो त्याची पातळी पिशवीवर छापलेली असते. तिसऱ्या पातळीची चिप पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत, म्हणजे एका आठवड्यात, ओव्हनमधून पार व्हायला हवी. आमचे स्टोअरचे काका पिशवी फोडली की लेबलवर पेनाने तारीख-वेळ टाकतात, आणि ती टाकल्याशिवाय रील हातात देत नाहीत, समोर कुणीही असो. मुदत टळली तर भाग भट्टीत सुकवावे लागतात. ट्रेमधले १२५ अंशांना काही तासांत सुकतात, पण रीलचं प्लास्टिक त्या उष्णतेला टिकत नाही. रील ४० अंशांवर ठेवायची म्हटली तर दिवसच्या दिवस जातात. कोरड्या कपाटात ठेवून हे घड्याळ थांबवता येतं, पण त्या कपाटातली जागा किती, हेही मलाच मोजावं लागतं. आमच्या भागात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी अर्धा सोडलेला जॉब म्हणजे गुरुवारीही चालू असलेलं घड्याळ.

म्हणून जॉब मध्येच तोडायचा म्हटला की मी कडक होते. प्रसंग नेहमीचाच आहे. सकाळी साडेअकराला मार्केटिंगचे साहेब टेबलापाशी येतात. “मॅडम, चाळीसच बोर्ड आहेत हो, अर्ध्या तासाचं काम. जरा घुसवून द्या ना.”

“साहेब, काम अर्ध्याच तासाचं आहे. पण चढवायला पाऊण तास, आणि ते उतरवून मीटर परत चढवायला पाऊण तास. मीटरचे दोन तास गेले. त्या गिऱ्हाइकाला फोन तुम्ही कराल का मी करू?”

मग साहेब गप्प. अशा वेळी मी एकच गोष्ट विचारते, “गाडी कधी निघते?” दहापैकी आठ वेळा ‘आत्ता’ म्हणजे उद्या सकाळी सहाची गाडी असते. मीटरचा जॉब साडेचारला आपसूक संपणार असतो. त्याच्या मागून चाळीस बोर्ड लावले तर मधला एकच बदल लागतो, रात्री टेस्टिंग होतं आणि माल गाडीत पडतो. अर्जंट या शब्दाला आमच्याकडे काही किंमत उरलेली नाही, सगळेच जॉब अर्जंट असतात. तास विचारला की माणूस खरं सांगतो. उरलेल्या दोन वेळा गिऱ्हाइकाची लाइन खरोखर बंद पडायच्या बेतात असते. तेव्हा मीटर तोडायचा, रडायचं नाही. निदान संपत आलेली रील संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे तो फीडर दोनदा हाताळावा लागत नाही.

मशीन शंभर टक्के भरून ठेवू नये, हे साहेबांना पटवणं मात्र सगळ्यांत अवघड. रांगांचं शास्त्र सुरू झालं टेलिफोनपासून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एरलांग यांनी १९०९ साली त्यावरचा पहिला निबंध लिहिला. जॉब केव्हाही येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, असं धरून एका मशीनचा हिशेब मांडला की आकडे असे येतात: मशीन ८० टक्के व्यग्र असेल तर जॉबला स्वतःच्या कामाच्या सरासरी चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ला एकोणीसपट. म्हणजे नव्वदचे पंच्याण्णव केले तर काम किंचित वाढलं आणि ताटकळणं दुपटीहून जास्त झालं. आमचे जॉब इतके बेशिस्त येत नाहीत, त्यामुळे आकडे एवढे भयंकर होत नाहीत, पण वळण तेच. आमच्या मीटिंगमध्ये मी हे एकदा फळ्यावर काढून दाखवलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान. पण पंच्याण्णव तर व्हायलाच पाहिजेत.”

हे सगळं कॉम्प्युटर का करत नाही, असं माझा भाचा विचारतो. करतो, बऱ्यापैकी करतो. पण गणित मुळातच चिवट आहे. दहा जॉब एका रांगेत लावायचे ३६,२८,८०० प्रकार आहेत. पंधरा जॉबचे होतात सुमारे १ लाख ३० हजार कोटी. १९६३ साली दहा जॉब आणि दहा मशीनचं एक कोडं पुस्तकात छापलं गेलं. एका कागदावर मावेल एवढं ते, पण त्याचं सर्वांत चांगलं उत्तर, म्हणजे सगळी कामं उरकायचा कमीत कमी वेळ, ९३० एककं हेच आहे हे कार्लिए आणि पिन्सन यांनी सिद्ध केलं १९८९ साली. तोवर २६ वर्षं जगभरचे लोक त्याच्याशी झटत होते. आता सॉफ्टवेअर सर्वोत्तमाचा हट्ट न धरता पुरेसं चांगलं उत्तर काही मिनिटांत देतं. चाळीस जॉब असले तर माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं देतं. फक्त त्याला जे आकडे भरवले त्यांवर त्याचा आंधळा विश्वास. कोटेशनच्या वेळी कुणी तरी लिहिलेली टेस्टिंगची चार मिनिटं प्रत्यक्षात सहा आहेत, १७ नंबरचा फीडर अडकतो, बारीक पायांची चिप हाताने दुरुस्त करणारी एकच मुलगी आहे आणि ती या आठवड्यात रजेवर आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. मी सॉफ्टवेअरचा प्लॅन काढते, मग खाली लाइनवर एक चक्कर मारते आणि मग त्यात पेन्सिल चालवते.

एक शत्रू मात्र सॉफ्टवेअरलाही आवरत नाही, तो म्हणजे महिनाअखेर. २५ तारखेपासून बिलाचा आकडा गाठायची पळापळ सुरू होते. ज्याचं बिल मोठं तो जॉब पुढे, मग त्याची तारीख पुढच्या महिन्याची का असेना. कुटुंबं मोडतात, ट्रॉल्या दोन-दोनदा भरल्या जातात, ओव्हन दिवसातून चारदा तापतो आणि निवतो, ओव्हरटाइम लागतो. एक तारखेला लाइन थंड, कारण पुढचे जॉब आधीच ओढून घेतलेले आणि नव्या जॉबचे भाग अजून आलेले नसतात. साहेब विचारतात, मशीन का उभं आहे?

महिन्याच्या सुरुवातीच्या या रिकाम्या चार दिवसांचा मी आता वेगळा प्लॅन करते. अडकणारे फीडर सोडवून तेल-पाणी. स्टेन्सिल भिंगाखाली धरून बघणं, भोकांच्या कडा झिजलेले बाजूला काढणं. टेस्टिंगच्या झिजलेल्या पिना बदलणं. नव्या मुलींना रिकाम्या लाइनवर जॉब चढवायला आणि उतरवायला लावणं, घड्याळ लावून. आणि स्टोअरच्या काकांबरोबर बसून पुढच्या पंधरा दिवसांच्या जॉबचे भाग प्रत्यक्ष मोजणं, कारण कॉम्प्युटरवर ४००० दिसणाऱ्या रीलवर कधी कधी तीनशे निघतात. या कामांनाही मी जॉब नंबर दिलेत. भिंतीवरच्या फलकावर ती आता ‘चालू’ म्हणून दिसतात, आणि साहेबांनी अजून तरी त्याबद्दल काही विचारलेलं नाही.